पोलीस ॲक्शनचा शर्मन अन् टेम्पेस्ट: १/७२ ची किट घरी कशी बनवायची

आमचे आबा उमरग्याकडचे. १९४८ ला दहा-अकरा वर्षांचे होते, पोलीस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणायला आपली फौज आली तेव्हा, रस्त्यावरून जाणारे रणगाडे त्यांनी डोळ्यानं बघितलेले. मी प्लास्टिकच्या किटमधून पहिला शर्मन रणगाडा बनवला तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात दिला, त्यांनी उलटापालटा करून बघितला अन् म्हणले, "असा हिरवागार नव्हता रं, गुडघ्याइतका चिखल होता त्याला. रंग कुणाला दिसला?" तेव्हापासून मी मॉडेल बनवायची पद्धतच बदलली. किटच्या डब्यावरच्या चित्रात युरोपातला चिखल असतो, पिवळट नाहीतर चॉकलेटी, आपल्या रानातला नसतो. म्हणून खाली जे सांगायलोय त्यात जोडणी, रंग सगळं आहे, पण माझा जास्त जीव शेवटच्या मातीच्या कामात आहे, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

आधी काय बनवायचं ते ठरवू. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली फौज सोलापूरकडून संस्थानात आली, नळदुर्गाजवळ बोरी नदीचा पूल शाबूत हाती लागला, तिथून रणगाडे जळकोटवरून दुपारी तीन-सव्वातीनला उमरग्यात, एक तुकडी तिकडं तुळजापूरवर, अन् दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढं राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्यांवर हवाई दलाच्या टेम्पेस्ट विमानांनी हल्ला केला. १७ तारखेला सगळं थांबलं, तोच आपला मुक्तिसंग्राम दिन. म्हणजे एक टेम्पेस्ट मार्क २ अन् एक शर्मन एवढं घेतलं तरी आपल्या घरासमोरून गेलेला इतिहास टेबलावर येतो, आपण दुसऱ्यांचे टायगर रणगाडे अन् स्पिटफायर विमानंच किती दिवस बनवायची.

स्केल दोन्हीला एकच ठेवा, १/७२. खरं विमान मॉडेलच्या ७२ पट मोठं असा त्याचा अर्थ. टेम्पेस्टचे पंख टोकापासून टोकापर्यंत साडेबारा मीटर, म्हणजे मॉडेल साडेसतरा सेंमीचं होतं, अन् शर्मन जेमतेम आठ-साडेआठ सेंमी. रणगाड्यांच्या किट जास्त करून १/३५ मध्ये मिळतात, तामिया या जपानी कंपनीनं १९६१-६२ ला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला त्यात बॅटरी बसावी म्हणून ते माप पडलं अन् पुढं तेच सगळ्यांनी उचललं. पण १/३५ चा रणगाडा अन् १/७२ चं विमान शेजारी ठेवलं की डोळ्याला खटकतं, अन् विमान पण १/३५ चं करायचं म्हणलं तर छत्तीस सेंमीचं होईल, ठेवणार कुठं.

टेम्पेस्ट घेताना मार्क २ च बघून घ्या, मार्क म्हणजे त्याच विमानाचा प्रकार. मार्क ५ चं नाक वेगळं असतं, खाली हनुवटीसारखा मोठा रेडिएटर असतो, तो आपल्याकडं नव्हता. मार्क २ ला गोल नाक, आत ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन, १८ सिलिंडरचं, चार पात्यांचा पंखा. शर्मनमध्ये ७५ मिमीच्या तोफेचा एम४ए४ हा प्रकार मिळाला तर सोनंच, ब्रह्मदेशात १९४५ ला आपल्या रेजिमेंट त्याच्यावरच लढल्या होत्या. त्याच्यात पाच मोटारींची इंजिनं एकाला एक जोडून तीस सिलिंडरचं एक केलेलं आहे, त्यामुळं बाकी शर्मनपेक्षा तो थोडा लांब अन् चाकांमध्ये जागा जास्त. नंतर लांब तोफ बसवलेले शर्मन १९६५ च्या लढाईत होते, ते १९४८ ला चालणार नाहीत.

लातुरात हॉबीचं दुकान नाही, किट, प्लास्टिकचा सिमेंट अन् रंग मी ऑनलाईनच मागवतो, बाकी सगळं गंजगोलाईच्या बाजारात फिरलं की मिळतं. मेडिकलमधून ३ नंबरचं सर्जिकल हँडल अन् ११ नंबरची ब्लेडं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून वॉटर पेपर, ४००, ६००, १००० अन् मिळाला तर १५०० नंबरचा. इलेक्ट्रिकवाल्याकडून बारीक तोंडाचा कटर. कपड्याचे चिमटे, रबर बँड, टूथपिक, जुना टूथब्रश घरातच असतात. मास्किंग टेप हार्डवेअरचा चालतो पण त्याचा गोंद लई जोरात धरतो, आधी तळहाताला दोनदा चिकटवून काढा मग लावा, नाहीतर रंग सोलून घेऊन येतो. अन् थिनरवाल्याचं ऐकून एनसी थिनर प्लास्टिकला लावू नका, पार्ट वितळून लगदा होतो, नेलपॉलिश रिमूव्हरचं पण तेच.

किटमधले पार्ट प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेलेच येतात, किट आली की त्या फ्रेमसकट पार्ट भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा, कारखान्यात साचातून सुटावं म्हणून तेल लावलेलं असतं, त्याच्यावर रंग धरत नाही. इथं आपली पहिली अडचण येते, बोअरचं पाणी. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो, तसाच तो पार्टवर बसतो. शेवटचं विसळणं आरओच्या नाहीतर जारच्या पाण्यानं करा, अन् नुसतं झटकून सावलीत वाळवा. उन्हात नको. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात किट ठेवली तर लांब पातळ पार्ट हळूच वाकतात. वाकलाच तर गरम पाण्यात बुडवून बोटानं सरळ करायचा अन् लगेच गार पाण्यात धरायचा, जमतंय.

पार्ट फ्रेमवरून मोडून काढायचे नाहीत. कटरनं जरा लांबून कापा, उरलेला तुकडा ब्लेडनं, मग वॉटर पेपर. माझा पुतण्या नववीत आहे, तो पहिल्या दिवशी सगळेच पार्ट कापून ताटात घेऊन बसला, म्हणलं अरे आता कुठला कोणता कसं कळणार, तर म्हणतो "काका, चित्र बघून लावू की." दोन तास गेले चार चाकं ओळखण्यात. फ्रेमवरच नंबर असतात, म्हणून लागेल तसाच पार्ट कापा.

विमानाची सुरवात कॉकपिटपासून. आतला राखाडी-हिरवा, सीट, पट्टे हे सगळं आधी रंगवून मगच बॉडीचे दोन भाग मिटवायचे, नंतर आत ब्रश जात नाही. आता चिकटवण्याबद्दल नीट सांगतो, कारण नव्या लोकांचं इथंच बिघडतं. मॉडेलचा पातळ सिमेंट हा गोंद नाही, तो प्लास्टिकला विरघळवतो अन् दोन्ही कडा एकमेकीत मुरतात, म्हणजे हे वेल्डिंगच आहे. म्हणून दोन भाग कोरडेच जुळवून धरा, फटीवर सिमेंटचा ब्रश नुसता टेकवा, तो आपोआप आत पळतो. मग दहा-पंधरा सेकंद थांबून दोन्ही बाजूनं हळू दाबा, सगळ्या फटीतून वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी रेघ वर येते. ती दिसली की बास. पुसायची नाही, हात लावायचा नाही. चिमटे लावून एक दिवस ठेवा, मग ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, पुढं ६००, १०००. रेघ अन् फट दोन्ही जातात, पुट्टी लागतच नाही कितीतरी वेळा. बोटाचं नख फिरवून बघा, नख अडकलं की अजून घासायचं आहे. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, वास डोक्यात जातो.

पंख लावले की विमान समोरून बघा, दोन्ही टोकं सारखी उचललेली पाहिजेत. मी दोन्ही पंखांखाली सारख्या उंचीच्या काडेपेट्या ठेवून रात्रभर सोडतो. टेम्पेस्ट शेपटीवर बसणारं विमान आहे म्हणून नाकात वजन टाकायची गरज नाही, पण पुढं कधी मिग-२१ बनवलं तर नाकात शिसं घालायला विसरू नका, ते नाकाखालच्या चाकावर उभं असतं अन् वजन नसलं तर मागं बसतं. कॉकपिटची काच फेविक्विकनं कधीच चिकटवू नका, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी होते अन् ती जात नाही. काचेला फेविकॉल, वाळल्यावर दिसत पण नाही.

शर्मनचं काम विमानापेक्षा सोपं वाटतं पण चाकं मोजायला बसलं की संध्याकाळ होते. एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्या, पुढं दात असलेलं चाक, ते इंजिनाच्या ताकदीनं फिरतं, मागं नुसतं ताण धरणारं. दाताचं चाक चुकून मागं लावलेलं मी बघितलंय, शर्मनला ते पुढंच असतं. चाकं सरळ रेषेत यावीत म्हणून सिमेंट ओला असतानाच रणगाडा काचेवर ठेवून वरून हलकं दाबा, सगळी चाकं जमिनीला टेकली पाहिजेत. चाकांवरून फिरणारी साखळी रबराची आली असली तर तिला सिमेंट धरत नाही, स्टोव्हवर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं तिची आतली पिन चपटी करायची. अन् रशियन रणगाड्यासारखी साखळी वर झोकाळत ठेवू नका, शर्मनची वरची बाजू बरीच ताणलेली असते.

टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, खऱ्यात ओतीव पोलादाचा आहे, किटमध्ये तो साबणासारखा गुळगुळीत येतो. त्याच्यावर पातळ सिमेंट फिरवा, अर्धा मिनिट थांबा, प्लास्टिक जरा नरम पडलं की टूथब्रशच्या केसांनी नुसतं टोचत जायचं, घासायचं नाही. वाळल्यावर १००० नंबरनं वरवर एक हात. हातात घेऊन तिरप्या उजेडात बघा, बिडाच्या तव्यासारखी बारीक खडबड दिसते. असलं काम जवळून बघायचं असलं तर नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या, सेंच्युरियन रणगाडा आहे, १९६५ चे पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन आहेत, विजयंता आहे. संभाजीनगरहून सकाळी निघालं की संध्याकाळी परत. ओतीव लोखंड, वेल्डिंगची जाड शिवण, पाय ठेवून ठेवून घासलेल्या कडा, हे फोटोत कळत नाही, तिथं हाताच्या अंतरावर दिसतं.

रंगाचं आपल्याकडं हवामान बघूनच करावं लागतं. मार्च ते जून अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, पार्टवर टेकायच्या आधी त्याचे धागे सुटतात. मी पहाटे पाच ते सातच रंग लावतो, रंगात थोडं पाणी अन् दोन थेंब रिटार्डर, त्यानं रंग उशिरा वाळतो. पंखा बंद, अन् कूलर तर बंदच पाहिजे, तो ओलावा अन् धूळ दोन्ही फेकतो. उलट पावसाळ्यात स्प्रे कॅन मारला की हवेतला ओलावा रंगात अडकून वर पांढरी साय येते, म्हणून झड लागलेली असताना स्प्रे नको, दोन दिवस थांबा. आधी राखाडी प्रायमर मारा, त्याच्यात राहिलेली सगळी फट अन् ओरखडे उघडे पडतात, तेव्हाच परत घासून घ्या. ब्रशनं रंगवताना पहिला हात एकदम घाण दिसतो, खालचा प्रायमर दिसतो, पट्टे दिसतात. घाबरून जाड थापू नका. पूर्ण वाळू द्या, दुसरा हात पहिल्याच्या आडवा, तिसरा परत उभा. तीन पातळ हातात भरतो. हिरव्या रंगात चिमूटभर फिकट रंग मिसळा, एवढ्याशा मॉडेलवर डब्यातला रंग आहे तसा लावला की काळपट दिसतो. चाकांचं रबर शेवटी गडद राखाडीनं, काळ्यानं नाही.

विमानाच्या खुणांबद्दल एक सांगायलाच पाहिजे. आपल्याकडं सवयीनं लोक आजचा केशरी-पांढरा-हिरवा गोल चिकटवतात, पण तो १९५० नंतरचा. पोलीस ॲक्शनच्या वेळी विमानावर निळ्या अशोकचक्राची खूण होती. किटमधल्या डिकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमध्ये, ती नसली तर वेगळी डिकल शीट मागवा, थांबावं लागलं तरी चालेल. डिकल लावायच्या आधी त्या जागी ग्लॉस वार्निश पाहिजेच, मॅट रंग खरबरीत असतो, त्याच्या खड्ड्यात हवा राहते अन् वाळल्यावर डिकलखाली चांदीसारखं चमकतं. कापलेलं डिकल आरओच्या कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, बाहेर काढून ठेवा, मिनिटभरानं ते कागदावर आपोआप सरकायला लागतं. जागेवर ओल्या ब्रशनं सरकवा, खालचं पाणी कापडानं टिपा. उंचवट्यावर बसत नसलं तर पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून वरून लावा, नरम पडून बसतं. वाळल्यावर सगळ्यावर मॅट वार्निश.

आता माती.

पहिल्या वेळी मी रानातली काळी माती आणली, फेविकॉलमध्ये कालवली अन् बेसवर, म्हणजे मॉडेल ठेवायच्या पाटावर, बोटभर थापून शर्मन त्याच्यात रोवला. चार दिवसांनी बघतो तर बेसला भेगा, अगदी उन्हाळ्यात रानाला पडतात तशाच, अन् एका बाजूची साखळी उचलून चाकातून निघालेली. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकाची, त्याच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते अन् वाळली की आकसते, ती डब्यात घातली तरी गुण सोडत नाही. म्हणून आता मी असं करतो. ढेकळं फोडून माती जुन्या तव्यावर दहा मिनिटं भाजायची, ओल अन् किडे जातात. मग आधी पिठाच्या चाळणीनं, नंतर ओढणीच्या कापडातून गाळायची, खाली काजळासारखी पूड पडते. १/७२ मध्ये वाळूचा एक कण पण धोंड्याएवढा दिसतो, त्यामुळं गाळण्यात आळस नको. या पुडीत निम्मी टाल्कम पावडर अन् त्याच रंगाचा अॅक्रिलिक, मग पाणी मिसळलेला फेविकॉल. थर दोन मिमीच्या वर नाही, जास्त पाहिजे तर खाली थर्माकोलनं उंच करून घ्या. भेग पडत नाही.

चिखल कुठं लावायचा हे डोकं वापरून ठरवा. सप्टेंबर महिना, पाऊस होऊन गेलेला, रस्ता मुरमाचा, कडेला उतरलं की काळं रान. चाकांच्या जोड्यांमध्ये, बॉडीच्या खालच्या अंगाला, पुढच्या दाताच्या चाकाभोवती गच्च, मागं साखळीनं फेकलेले शिंतोडे. ते शिंतोडे टूथब्रशवर पातळ चिखल घेऊन अंगठ्यानं उडवायचे, आधी कागदावर उडवून बघा. टरेटवर चिखल नाही, तिथं नुसती फिकट धूळ. अन् रंग तीन ठेवा, हेच खरं काम आहे. काळी माती ओली असते तेव्हा काळीभोर अन् चमकते, अर्धी वाळली की तपकिरी-काळी, पूर्ण वाळली की राखाडी. म्हणून आत खोबणीत ओला चिखल, त्याच्यावर सॅटिन वार्निशचा हात, बाहेर कडांना राखाडी पूड नुसती ब्रशनं झटकलेली. मुरमाचा पिवळट-तांबूस रंग साखळीच्या तळाला थोडा. तुमचा रणगाडा राजेश्वरच्या पुढचा दाखवायचा असला तर तांबडं वाढवा, बीदरकडं जमीन लाल होत जाते.

विमानाला चिखल नको, हवेत आहे ते. एक्झॉस्टच्या मागं काळपट-तपकिरी धुराचा पट्टा, पंखातल्या चार २० मिमी तोफांच्या तोंडाशी थोडी काजळी, पेन्सिलचं शिसं घासून बोटानं पसरलं तरी होतंय.

बेससाठी नळदुर्गाचा रस्ता घेतला तर कडेला ज्वारी पाहिजे. सुतळीचे धागे सोडवून दोन-तीन सेंमीचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून उभे करा, खरीप ज्वारी सप्टेंबरमध्ये चांगली उंच असते. सोयाबीन दाखवू नका, तेव्हा आपल्या रानात नव्हतं. बाभळीला तुळशीच्या वाळलेल्या मुळ्या चांगल्या दिसतात. विमान त्याच्या वर तिरपं उडतं दाखवायचं, सायकलचा स्पोक वाकवून खालून पोटात घालतो मी, बॉडी मिटवायच्या आधीच त्याच्यासाठी आत जाड प्लास्टिकचा तुकडा लावून भोक पाडून ठेवायचं. उडतं विमान म्हणजे चाकं आत मिटलेली, दारं बंद, आत वैमानिक बसलेला. किटमधला वैमानिक टाकून देऊ नका.

शेवटी फोटोफ्रेमवाल्याकडून काचेचा डबा करून घ्या, आमच्याकडं उघड्यावर आठवड्यात धूळ बसते अन् ती मेहनतीनं लावलेल्या धुळीसारखी दिसत नाही. खिडकीच्या उन्हात ठेवू नका, रंग उडतो. १७ सप्टेंबरपर्यंत पूर्ण पाहिजे असलं तर जूनमध्ये किट मागवा, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्प्रेचे निम्मे दिवस वाया जातात, ते धरूनच चला.